हिरव्या शाईचं रजिस्टर

"घे रामटेके, पेढा घे. दोन घे," डॉक्टर हरकरे म्हणाले आणि त्यांनी खोका स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला. एरवी हा माणूस लॅबच्या दाराशी उभा राहून रिपोर्ट मागायचा. त्या दिवशी आत आला, स्टूल ओढून बसला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"कशाचे पेढे, साहेब?"

"आपल्या सिकलसेलच्या टेस्टचे! दीड वर्षापूर्वी पेटंटचा अर्ज टाकला होता. आता तो प्रसिद्ध झालाय. नागपूरची एक कंपनी मागे लागलीय."

पेढा तोंडात विरघळेपर्यंत मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू. मग मी अर्ज बघायला मागितला. त्यांनी मोठ्या कौतुकाने दिला. पहिल्याच पानावर संशोधक म्हणून एक नाव होतं, डॉ. शिरीष वामनराव हरकरे. मी पान उलटलं. शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यावर आले. दुसरं नाव कुठे नव्हतं.

"साहेब, माझं नाव?"

ते हसले. त्यांना खरंच गंमत वाटली असावी.

"अगं, पंगतीला बसलेला माणूस पोळ्या कुणी लाटल्या ते विचारतो का? तू टेक्निशियन आहेस. तुझं काम चोख केलंस. मी कुठे नाही म्हणतोय?"

मी दुसरा पेढा खोक्यात परत ठेवला. त्याच क्षणी या माणसाला पंगतीतून हाताला धरून उठवायचं, एवढं ठरवून टाकलं. लोकांचं भलं वगैरे कारणं मी नंतर जोडली. आधी आला तो राग.

राग कशाचा ते कळायला टेस्ट कळायला हवी. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत सिकलसेल घरोघरी. आईबापांपैकी एकाकडूनच रक्तातला दोष आला, तर माणूस वाहक. त्याला काही होत नाही, तो नांगर धरतो, नातवंडं बघतो. दोघांकडूनही आला, तर रुग्ण. मग हाडं ठणकतात, अंग सुजतं, रक्त उतरतं, आणि लेकरू रात्रंदिवस रडतं. वाहकाचं वाहकाशी लग्न झालं, तर त्यांच्या प्रत्येक लेकरामागे चारात एक अशी भीती. म्हणून लग्नाआधी कळलं पाहिजे. पण आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात जी तपासणी होती, तिच्यात नळीतलं रक्त गढूळ झालं की दोष आहे, एवढंच कळायचं. वाहक की रुग्ण, ते ठरवायला रक्त नागपूरला जायचं आणि उत्तर यायला महिना लागायचा. माझ्या धाकट्या भावाचा, सुगतचा, रिपोर्ट तो गेल्यावर नवव्या दिवशी पोस्टाने आला. तो अकरा वर्षांचा होता.

सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत मी त्या नळीतल्या गढूळ रक्ताशी झटत होते. शेवटी एक साधी गोष्ट सापडली. माझ्या पद्धतीने कालवलेल्या त्या रक्ताचा थेंब गाळणीच्या कागदावर टाकायचा आणि तेरा मिनिटं थांबायचं. वाहकाच्या ठिपक्याभोवती गुलाबी कडा उमटते. रुग्णाच्या भोवती उमटत नाही. दहा मिनिटांनी बघाल तर फसाल, मी दोनदा फसले. तेरा म्हणजे तेरा. पुढे झालेल्या शिबिरांतलेही धरून चारशेच्या वर नमुने मी नागपूरच्या रिपोर्टांशी ताडून पाहिले आणि ते सगळे गावागणिक रजिस्टरात उतरवले.

आमच्या लॅबची एक रीत होती. निकाल निळ्या शाईने, आणि टेक्निशियनने स्वतःसाठी केलेली टिपणं समासात हिरव्या शाईने. डॉक्टरांनी निळं वाचायचं. हिरवं आमचं आमच्यात, त्याकडे कोणी बघायचं नाही. हरकरे साहेबांनी मात्र एक दिवस बघितलं. मला वाटलं, चला, कोणीतरी वाचलं. त्यानंतर त्यांनी गावोगाव मांडव घालून शिबिरं घेतली. वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल, निर्दोष असेल त्याला पांढरं. टेस्ट माझी, सही त्यांची. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो मी चार वर्षं रोज पाहिला आणि त्याला दूधही पाजलं.

पेढ्यांनंतरच्या रविवारी मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि नागपूरला काझी वकिलांकडे गेले. तिथल्या सदर भागात औषधाच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. साठी उलटलेला माणूस, पेटंटचीच कामं करायचा. त्यांनी अर्ज वाचला, मग रजिस्टर वाचलं, हिरव्या शाईसकट. चहा दोनदा गार झाला.

"देखो ताई," ते म्हणाले, "अर्ज मंजूर व्हायच्या आधी कोणीही हरकत घेऊ शकतो. तुमच्यापुढे दोन दारं आहेत. पहिलं, 'हे माझं आहे, यांनी चोरलं.' हे रजिस्टर टेबलावर ठेवू. वेळ लागेल, पण तुमचं नाव लागू शकतं."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे, 'हे कोणाचंच नाही.' आपला कायदा म्हणतो, रोगाचं निदान करायच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. ते औजार नव्हे, दवा नव्हे. वैद्याची नजर कोणाच्या मालकीची नसते."

"मग हरकरे त्यावर काय म्हणतील?"

काझी साहेबांनी चष्मा काढला. "त्यांना एकच वाट उरते. म्हणावं लागेल की ही पद्धत निदान करतच नाही."

"लेखी?"

"शपथेवर."

मला हसू आलं. इतकं की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात डोकावला.

"ताई, दोन्ही दारं एकदम उघडता येतात," काझी घाईने म्हणाले. "रजिस्टर पण ठेवू, कायदा पण सांगू."

"नाही. रजिस्टर दिसलं तर ते शपथ घेतील का? यात चारशे माणसांचं निदान नागपूरशी ताडून लिहिलंय. हे समोर असताना 'निदान होत नाही' म्हणायची त्यांची छाती होणार नाही. रजिस्टर नाहीच असं समजा."

"मग तुमचं नाव कधीच लागणार नाही. सोच लो."

"मला नाव नको, काझी साहेब. मला तो माणूस खाली आलेला बघायचाय."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी रजिस्टर माझ्या पिशवीत परत घातलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

आमच्या हरकतीला हरकऱ्यांचं उत्तर आलं ते थेट शपथपत्रासकट. चौथ्या कलमात इंग्रजीत लिहिलं होतं की सदर पद्धतीने कोणत्याही व्यक्तीस सिकलसेल आजार आहे किंवा नाही, याचे निदान होत नाही. खाली सही, तीच कार्डांवरची. मी तो कागद तीनदा वाचला आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

त्यानंतर मुंबईला पेटंट कार्यालयात सुनावणी झाली. समोर अधिकारी बाई होत्या. हरकऱ्यांचा वकील अर्धा तास बोलला. मग बाईंनी सरळ डॉक्टरांनाच विचारलं.

"डॉक्टर, तुमच्या पद्धतीने एखाद्याला हा आजार आहे की नाही ते कळतं का?"

हरकरे उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"नाही, मॅडम."

"मग काय कळतं?"

"रक्ताच्या नमुन्याचा एक गुणधर्म. आजार ठरवायला पुढच्या तपासण्या लागतात. आमच्या पद्धतीने निदान होत नाही."

रजिस्टर माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. काझी साहेब कानाशी वाकले. "अजून वेळ आहे. काढू बाहेर?" मी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला आणि नाही म्हणून मान हलवली. माझ्या सहा वर्षांच्या कामाला ते भर सभेत कुचकामी म्हणत होते आणि मी ते कान भरून ऐकत होते. असं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं.

निकालाची वाट बघायला मला सवड नव्हती. शपथपत्रातल्या त्या एका वाक्याचं मराठी करून घेतलं, शपथपत्राच्या झेरॉक्सवर खाली ते टाइप करून घेतलं, लाल पेनाने अधोरेखित केलं आणि गठ्ठा बायजाबाई उईकेच्या हाती दिला.

बायजा मुरपार गावची आशा सेविका. माझ्याहून वयाने मोठी, तरी मला 'माय' म्हणायची. शिबिरांसाठी घरोघरी फिरून माणसं गोळा केली होती ती तिनेच. रक्त काढू द्यायला लोक तयार नसत, तेव्हा आधी स्वतःच्या पोराचा, सोमेश्वरचा, हात तिने माझ्यापुढे धरला होता. मी दिलेला कागद तिने अक्षर अक्षर लावून वाचला.

"म्हंजे डॉक्टरच म्हणते का कार्ड खोटं हाय?"

"त्यांनीच शपथेवर लिहून दिलंय, बायजा. खाली सही बघ."

मी खोटं बोलले नाही. एकही शब्द खोटा नव्हता. हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं.

"आमच्या लेकरायच्या रगताचा खेळ मांडला का यानं?" ती म्हणाली.

पुढच्याच ग्रामसभेत तिने तो कागद वाचून दाखवला आणि सगळ्यांसमोर सोमेश्वरचं पिवळं कार्ड सभेच्या चहासाठी पेटलेल्या चुलीत घातलं. मग एकामागून एक कार्डं पडली. शेजारच्या चिचटोल्यात तेच, पुढच्या गावात तेच. जिथे जिथे मांडव पडला होता तिथून लोक ट्रॅक्टर भरून हॉस्पिटलात आले. हरकऱ्यांच्या टेबलावर जळायच्या राहिलेल्या कार्डांचा ढीग टाकून विचारत होते, "निदान होत नाही तं मंग रगत काहून काढलं?" टेस्ट खरी आहे म्हणावं तर पेटंट जातं आणि शपथ खोटी पडते. खोटी म्हणावं तर समोर माणसं उभी. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या काठावर साहेब पांढऱ्या कोटात. मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. नळ्या धुवायच्या राहिल्या, तरी मी हलले नाही.

पेपरात बातमी आली. कंपनी पळाली. ट्रस्टने त्यांना राजीनामा द्यायला लावला. जायच्या दिवशी ते लॅबच्या दाराशी आले, नेहमीसारखे, आत न येता.

"रामटेके, टेस्ट खरी आहे. तुम्हाला माहीत होतं."

मला ते पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले.

"हो."

"मग?"

"मग तुम्ही कशाला लिहून दिलंत, साहेब?"

ते वळून निघून गेले. माझं ते वाक्य मी कित्येक महिने मनात घोळवत होते, जिभेवर खडीसाखर ठेवावी तसं.

त्यानंतर दोन महिन्यांनी पेटंट कार्यालयाचा निकाल आला. अर्ज नामंजूर. डॉक्टर काहीही म्हणोत, ही पद्धत रोगाचं निदानच करते, सबब तिच्यावर पेटंट देता येत नाही, असं अधिकारी बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे टेस्ट खरी असल्याचा सरकारी कागद माझ्या हातात होता. त्याचेही झेरॉक्स काढता आले असते. त्याचंही मराठी करून बायजाला देता आलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, आधीच्या कागदाचं काय? आणि हरकरे अर्धे का होईना सुटले असते. मी निकालाची घडी घातली, रजिस्टरात ठेवली आणि रजिस्टर कपाटाच्या तळाशी सारलं.

लोक सिकलसेलची तपासणी करायला यायचे बंद झाले. बंद म्हणजे पार बंद. कोणी नाव काढलं की म्हणत, "ते शपथवालं? राहू द्या." मी ते बघत होते. आज ना उद्या सरकारी तपासणी येईल, लोक विसरतील, असं म्हणत गप्प राहिले. बायजा महिन्यातून दोनदा भेटायची. सोमेश्वरच्या लग्नाची पत्रिका तिने लॅबमध्येच आणून दिली. मुलगी चिचटोल्याची होती. त्या क्षणी तरी तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्या हातावर साखर ठेवली आणि अहेराचं लुगडं घेऊन लग्नाला गेले.

कार्डं जाळल्याला सहा वर्षं झाली होती. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. सकाळी बायजा लॅबच्या दारात उभी राहिली. मागे तिची सून रेवता, आणि रेवताच्या कडेवर सव्वा वर्षाचं पोर.

"माय, पाह्य ना याले. तीन दिवस झाले, हात लावू देत नाही."

पोराच्या हातापायांची बोटं कणकेच्या लाटीसारखी फुगली होती. मी हात पुढे केला आणि ते किंचाळलं. सुगतची बोटं याच वयात अशीच सुजली होती. आई मिठाच्या पुरचुंडीने शेकायची आणि म्हणायची, थंडीने झालं.

"बायजा, सोमेश्वरचं कार्ड कुठे आहे?"

"कोन्तं कार्ड?"

"शिबिरात मिळालं होतं ते."

"ते तं जाळलं ना, माय. तुमीच तं कागद देल्ला होता." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. झालेली गोष्ट ती सांगत होती.

मी पोराच्या बोटातून रक्त घेतलं. माझ्याच पद्धतीने नळीत कालवलं, ते गढूळ झालं. थेंब कागदावर टाकला आणि घड्याळाकडे बघितलं. मग कपाट उघडून, खाली वाकून, रजिस्टर बाहेर काढलं. नाही काढलं तरी चाललं असतं. पण थेंबाकडे तेरा मिनिटं बघत बसायची माझी ताकद नव्हती.

मुरपारचं पान सापडायला वेळ लागला नाही. सोमेश्वर उईके, वाहक. शेजारी हिरव्या शाईत, माझ्याच अक्षरात, 'कडा स्पष्ट. नागपूरशी जुळले.' मी पानं उलटत चिचटोल्यावर गेले.

"रेवता, माहेरचं नाव काय तुझं?"

"कुंभरे."

रेवता कुंभरे, वाहक. कडा स्पष्ट. नागपूरशी जुळले.

बायजा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने पुढे होऊन त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तो कागद वाचला होता तसंच हळूहळू, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग मुरपारचं पान मागितलं. तेही वाचलं. पानांमधून निकालाची घडी खाली पडली. ती तिने उचलून माझ्या हातात दिली.

"हे काय व्हय?"

"सरकारचा निकाल. टेस्ट खरी आहे म्हणून."

"कधीचा?"

"तेव्हाचाच."

रेवता भिंतीला टेकून पोराला थोपटत होती. बायजाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"म्हंजे कार्ड खरं होतं?"

"हो."

"तवाच मालूम होतं तुमाले?"

"हो."

"मंग?"

हरकऱ्यांनीही याच दारात हेच विचारलं होतं. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर होतं. बायजाने कुठे काही लिहून दिलं नव्हतं, कशावर सही केली नव्हती. तिने फक्त माझं ऐकलं होतं आणि पोराचा हात माझ्यापुढे धरला होता. मी तिच्या पायांकडे हात नेला, तर तिने पाय मागे घेतले.

तिने रजिस्टर बंद केलं. सुनेच्या कडेवरून पोर आपल्याकडे घेतलं, त्याची सुजलेली बोटं पदरात झाकली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. शिबिरांत चार वर्षं माझ्याशेजारी बसून तिलाही किती थांबायचं ते पाठ होतं.

"मॅडम," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तेरा मिनिटं झाले."

मी कागद उचलला आणि खिडकीशी उजेडात नेला. ठिपका गडद होता. भोवती कडा नव्हती.